मेंदूविकारतज्ज्ञाच्या शोधनिबंधांची यादी आणि सायटेशनचा हिशेब

"मॅडम, तेवढा माझा एच-इंडेक्स काढून द्या, उद्या फाइल द्यायची आहे," ही मागणी नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मला वर्षातून अनेकदा ऐकावी लागते. ती बहुधा ओपीडी आटोपून, ॲप्रन हातावर टाकून आलेल्या डॉक्टरांकडून दुपारी तीननंतर येते. एच-इंडेक्स म्हणजे निबंधांना मिळालेल्या उल्लेखांवरून निघणारा एक आकडा, आणि तो काढायला दोन मिनिटे पुरतात. ज्या यादीवरून तो निघतो ती यादी खरी करायला मात्र दोन संध्याकाळी जातात, आणि यादी चुकली असेल तर आकडा कितीही नेमका दिसला तरी तो अर्धा दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. म्हणून या लेखात आकड्यापेक्षा यादीवर अधिक जागा खर्च केली आहे.

न्यूरोलॉजीत हे काम इतर विषयांपेक्षा किचकट असते. एकाच डॉक्टरांचे निबंध न्यूरोलॉजीच्या नियतकालिकांबरोबर रेडिओलॉजी, मानसोपचार, जनुकशास्त्र आणि बालरोग यांच्याही नियतकालिकांत विखुरलेले असतात, पक्षाघाताच्या बहुकेंद्री चाचण्यांत त्यांचे नाव शेकडो नावांमध्ये कुठेतरी असते आणि दुर्मीळ आजाराच्या एकेका रुग्णावरचे छोटे अहवाल ढिगाने असतात. सायटेशन म्हणजे नंतरच्या एखाद्या निबंधाने आपल्या संदर्भयादीत आधीच्या निबंधाचा केलेला उल्लेख, एवढाच अर्थ येथे घ्यावा. तो उल्लेख कौतुकाचा आहे, टीकेचा आहे की नुसता रिवाज म्हणून आहे, हे आकडा सांगत नाही.

हिशेब कशासाठी आहे, हे आधी लिहा

कोऱ्या कागदावर पहिली ओळ उद्देशाची असावी. पदोन्नतीची फाइल, संशोधन अनुदानाचा अर्ज, पीएच.डी.च्या मार्गदर्शकाची मान्यता आणि स्वतःच्या संकेतस्थळावरचा परिचय या चारही कामांना एकच यादी चालत नाही. पदोन्नतीसाठी कोणते निबंध मोजायचे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांवर ठरते. २०२२ च्या शिक्षक पात्रता नियमांत मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचे एकत्र विश्लेषण), पद्धतशीर आढावा आणि केस सिरीज (अनेक रुग्णांचा एकत्र अहवाल) एवढेच धरले होते; एकाच रुग्णाचा केस रिपोर्ट त्यात बसत नव्हता. २०२५ मध्ये नवे नियम आले. त्यामुळे सहकाऱ्याच्या जुन्या फाइलची नक्कल न करता त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना स्वतः वाचावी. अनुदानाच्या अर्जात मात्र केस रिपोर्टही कामाचा ठरू शकतो, कारण एखाद्या दुर्मीळ आजाराचा अनुभव त्यातूनच दिसतो. म्हणून मूळ यादी सगळ्याची करावी आणि प्रत्येक कामासाठी तिच्यातून वेगळी गाळणी लावावी.

नावाचा गुंता

आता खरे काम. आमच्याकडे आलेल्या एका मॅडमचे उदाहरण सांगते. एमडी करताना त्यांचे निबंध माहेरच्या आडनावाने निघाले, डीएम ही पुढची अतिविशेष पदवी करताना सासरचे आडनाव लागले, मधले आद्याक्षर आधी वडिलांच्या नावाचे होते ते पुढे पतीच्या नावाचे झाले, आणि अलीकडच्या काही निबंधांत दोन्ही आडनावे जोडरेघेने आली. त्यांनी स्वतः आणलेल्या यादीत एकतीस निबंध होते. सगळी रूपे धरून शोधल्यावर आणखी नऊ सापडले, त्यांतले दोन त्या स्वतःही विसरल्या होत्या.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी संशोधकाला समोर बसवून पुढील गोष्टी विचाराव्यात: आजवर छापून आलेली नावाची सर्व रूपे, आद्याक्षरांचे सर्व क्रम, रोमन लिपीतील स्पेलिंगचे फरक, आणि नोकरी वा शिक्षण झालेल्या संस्था वर्षांसह. मराठी आडनावांत स्पेलिंगचा फरक फार असतो. 'व' कधी 'व्ही'ने तर कधी 'डब्ल्यू'ने लिहिला जातो, आणि चव्हाण या एका आडनावाची तीन-चार रूपे सहज निघतात. गावांचेही तसेच आहे. नेरूळच्या संस्थेचा पत्ता कधी 'नेरूळ', कधी 'नवी मुंबई', कधी 'न्यू बॉम्बे' आणि कधी नुसता 'मुंबई' असा छापलेला असतो. कळव्याच्या रुग्णालयातला निबंध 'ठाणे' या शब्दानेच सापडेल असे नाही, तो 'कळवा' लिहूनही शोधावा लागतो.

पत्त्याच्या शोधाची आणखी एक मर्यादा फार थोड्यांना ठाऊक असते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या नोंदसंग्रहात १९८८ पासून पुढे बराच काळ केवळ पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जात होता; सर्व लेखकांचे पत्ते साधारण २०१४ पासून दिसू लागले. म्हणजे २००९ च्या निबंधात तुमचे डॉक्टर तिसरे लेखक असतील आणि पहिला लेखक बंगळुरूचा असेल, तर 'नवी मुंबई' घालून केलेल्या शोधात तो निबंध येणारच नाही. लेखकांची पूर्ण नावेही तेथे २००२ पासूनच्याच नोंदींत आहेत. त्याआधीच्या निबंधांत आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच हाती लागते. पाटील, कुलकर्णी, जोशी, शिंदे या आडनावांना एखादे 'एस' जोडून शोध घेतला तर काय पूर येतो, हे प्रत्येकाने एकदा करून पाहावे.

उलट चूकही होते, आणि ती माझ्याच हातून झाली आहे. त्याच मॅडमच्या यादीत मी मनगटातील दबलेली नस शस्त्रक्रियेने मोकळी करण्याविषयीचा एक निबंध घातला होता. विषय नसांचा, आडनाव तेच, आद्याक्षरे तीच, शहर मुंबई; मी निर्धास्त होते. मॅडमनी यादी वाचता वाचता चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मी आयुष्यात हातात सुरी धरलेली नाही हो." तो निबंध एका हाताच्या शल्यचिकित्सकाचा होता. तेव्हापासून अंतिम यादी संशोधकाने ओळीओळीने वाचून सही केल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक. २०१२ मध्ये सुरू झालेली ही सोळा स्थानांची ओळख मोफत मिळते, आडनाव बदलले तरी ती बदलत नाही, आणि अनेक नियतकालिके निबंध पाठवतानाच ती मागतात. क्रमांक काढून रिकामे खाते ठेवणारे पुष्कळ असतात. त्याचा उपयोग शून्य.

शोध कोठे आणि कोणत्या क्रमाने

सुरुवात पबमेडपासून करावी, कारण ते मोफत आहे आणि वैद्यकातील नोंदी तेथे काटेकोर असतात. आडनाव, मग आद्याक्षरे आणि मग चौकटी कंसात 'एयू' ही अक्षरे लिहिली की शोध लेखकाच्या नावापुरता राहतो. नावाचे प्रत्येक रूप वेगळे शोधून त्यांच्यामध्ये 'ऑर' घालावे. मिळालेल्या प्रत्येक निबंधाचा पीएमआयडी हा पबमेडमधला क्रमांक एक्सेलच्या पहिल्या रकान्यात उतरवावा आणि दुसऱ्या रकान्यात डीओआय हा निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक घ्यावा, कारण शीर्षकात स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी हे दोन क्रमांक बदलत नाहीत. त्यापुढे वर्ष, नियतकालिक, निबंधाचा प्रकार, एकूण लेखक किती, संशोधकाचे स्थान कितवे आणि पत्रव्यवहाराचे लेखक कोण, असे रकाने असावेत. बहुकेंद्री चाचण्यांत एखादा डॉक्टर लेखक नसून 'सहयोगी' म्हणून नोंदलेला असतो. पबमेड अशी नावे वेगळी दाखवते, आणि तीही वेगळ्या रकान्यातच जावीत. ती लेखकांत मिसळणे ही लबाडी धरली जाऊ शकते, मग ती अनवधानाने झालेली का असेना.

त्यानंतर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे उल्लेख मोजणारे दोन संग्रह. वेब ऑफ सायन्सचे मूळ युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये छापायला सुरुवात केलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहे. स्कोपस एल्सव्हियर कंपनीने २००४ मध्ये आणले. दोन्ही सशुल्क आहेत, तरी स्कोपसमधील लेखकाचे जुजबी पान वर्गणीशिवायही पाहता येते. येथे नेहमी आढळणारी अडचण म्हणजे एकाच व्यक्तीची दोन किंवा तीन पाने तयार झालेली असणे. संस्था किंवा आडनाव बदलले की यंत्र त्याला नवा माणूस समजते. ही पाने एकत्र करण्याची विनंती तेथूनच पाठवता येते, पण दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून 'उद्या फाइल' असणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये.

गुगल स्कॉलर शेवटी पाहावे. ते २००४ पासून आहे, मोफत आहे, आणि त्याचा आकडा जवळजवळ नेहमी सर्वांत मोठा असतो. डॉक्टरांना ते आवडण्याचे कारणही बहुधा तेच. प्रबंध, पुस्तकांतील प्रकरणे, परिषदांचे गोषवारे, मेडआर्काइव्हसारख्या ठिकाणचे प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी खुले केलेले मसुदे), सगळ्यांतले उल्लेख ते मोजते. एकाच निबंधाचे प्रीप्रिंट आणि छापील रूप कधी दोन वेगळ्या ओळींत येते. अशा ओळी निवडून 'मर्ज' कराव्या लागतात. त्यामुळे एकाच संशोधकाचे एकाच दिवशी तीन ठिकाणी तीन आकडे येणार, हे गृहीत धरावे. त्यांतला मोठा आकडा निवडून बाकीचे दडवणे चूक आहे. प्रत्येक आकड्यापुढे ठिकाण आणि तारीख लिहावी. तीन ठिकाणांचे आकडे एकत्र करून सरासरी तर कधीच काढू नये.

एच-इंडेक्स हाताने काढून पाहा

हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. संशोधकाचे किमान 'एच' इतके निबंध असे असावेत की प्रत्येकाला किमान 'एच' इतके उल्लेख मिळाले आहेत, अशी ती सर्वांत मोठी संख्या. व्याख्या ऐकून माना डोलावणाऱ्यांना मी नेहमी एक काल्पनिक उदाहरण हाताने सोडवायला देते. समजा बारा निबंधांचे उल्लेख उतरत्या क्रमाने ६४, ४१, २२, १५, ९, ८, ७, ६, ४, ३, १ आणि ० असे आहेत. सातव्या निबंधाला ७ उल्लेख आहेत, आठव्याला ६. म्हणून एच-इंडेक्स ७. एकूण उल्लेख १८०. दहा किंवा अधिक उल्लेख असलेले निबंध चार, म्हणून गुगल स्कॉलरचा आय-टेन इंडेक्स ४.

आता पहिल्या निबंधाचे ६४ उल्लेख ६४० झाले असे धरा. एच-इंडेक्स सातच राहतो. उलट, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या निबंधांतून स्वतःच स्वतःचे केलेले अनुक्रमे दोन, तीन आणि एक उल्लेख वगळले, तर उरतात ७, ५ आणि ६. यादी पुन्हा उतरत्या क्रमाने लावली की एच-इंडेक्स ६ वर येतो. म्हणजे एका मोठ्या कामाची नोंद हा निर्देशांक घेत नाही, पण मधल्या फळीतले पाच-सहा किरकोळ उल्लेख त्याला हलवतात. स्व-उल्लेख वगळून आकडा दाखवण्याची सोय स्कोपसमध्ये आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत. स्व-उल्लेख म्हणजे लबाडी असेही नाही. अपस्माराच्या एकाच रुग्णगटाचा दहा वर्षे पाठपुरावा करणारा माणूस आपल्याच आधीच्या निबंधाचा उल्लेख करणार नाही तर कोणाचा करील?

हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कमी कधी होत नाही, त्यामुळे डीएम होऊन चार वर्षे झालेल्या सहायक प्राध्यापकाची तुलना विभागप्रमुखांशी करण्यात अर्थ नाही.

उल्लेख कोठून आले, ते उघडून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. न्यूरोलॉजीत काही प्रकारच्या निबंधांना मुळातच अमाप उल्लेख मिळतात. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलेली शुद्धी मोजणारी ग्लासगो कोमा स्केल किंवा १९७५ ची, स्मृती व आकलन तपासणारी मिनी-मेंटल स्टेट तपासणी घ्या. ज्याने ज्याने ती मोजपट्टी वापरली त्याने तिचा उल्लेख केला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानाचे मॅकडॉनल्ड निकष २००१ पासून पुन्हा पुन्हा सुधारले गेले आणि प्रत्येक आवृत्तीला तसेच उल्लेख मिळाले. अशा मोजपट्टीच्या किंवा निकषांच्या निबंधात तुमचे डॉक्टर सहलेखक असतील, तर त्यांच्या एकूण उल्लेखांतले निम्मे त्या एका ओळीतून आलेले असू शकतात. जागतिक रोगभार अभ्यासाचे निबंध तर शेकडो लेखकांचे असतात. ते कमी दर्जाचे आहेत असे मुळीच नाही. पण त्या आकड्यात एका लेखकाचा वाटा किती, हे वेगळे सांगावे लागते. म्हणून मी दोन बेरजा करते: एक सर्व निबंधांची आणि दुसरी केवळ ज्यांत संशोधक पहिले, शेवटचे किंवा पत्रव्यवहाराचे लेखक आहेत त्यांची. दुसरी बेरीज पाहून काही चेहरे उतरतात, काही मात्र खुलतात.

निबंधाचे वय आणि विषय यांचा फरक सांभाळण्यासाठी आयसाइट हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे मोफत साधन उपयोगी पडते. पीएमआयडींचा रकाना तेथे जसाच्या तसा चिकटवला की प्रत्येक निबंधाचे सापेक्ष उल्लेख-गुणोत्तर मिळते. त्या संस्थेच्या निधीतून झालेल्या निबंधांचा मध्यक १ धरलेला असतो. मज्जातंतूंच्या एखाद्या दुर्मीळ विकारावरच्या निबंधाला पक्षाघातावरच्या निबंधाएवढे उल्लेख मिळणे शक्यच नसते, आणि हे गुणोत्तर तो अन्याय बराच कमी करते. अगदी ताज्या निबंधांचे गुणोत्तर मात्र तात्पुरते असते, त्यावर विसंबू नये.

एक मुंबईचेच उदाहरण येथे द्यायला हवे. डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांतील आनुवंशिक तोलबिघाडाचे वर्णन केले. या रुग्णांच्या डोळ्यांची हालचाल विलक्षण संथ होती, आणि रुग्णाच्या समोर बसून, बोट इकडून तिकडे नेऊन टिपलेले ते निरीक्षण होते. या आजाराच्या एससीए-२ या प्रकाराचे जनुक १९९६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी सापडले, आणि आज त्या प्रकाराची चर्चा करताना संथ नेत्रगतीच्या संदर्भात हा निबंध पुन्हा पुन्हा येतो. तो पबमेडमध्ये शोधताना लेखकाचे पूर्ण नाव घालून काही हाती लागणार नाही, आद्याक्षरेच घालावी लागतात. आणि कोणत्याही दोन वर्षांच्या मोजमापात त्याचे वजन दिसणार नाही.

दोन वर्षांचा विषय निघालाच आहे तर इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षी मिळालेले उल्लेख भागिले त्या दोन वर्षांतील मोजण्याजोग्या लेखांची संख्या, असा तो हिशेब आहे. तो नियतकालिकाचा आकडा आहे, निबंधाचा नव्हे. सर्व निबंधांच्या इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज करून 'एकूण इम्पॅक्ट फॅक्टर ८७' असे लिहिलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. त्या बेरजेला काहीही अर्थ नाही, आणि २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को बैठकीतून निघालेले 'डोरा' हे जाहीरनामापत्र व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी हा आकडा वापरू नका असेच सांगते.

वर्तमानपत्रांत दरवर्षी झळकणाऱ्या 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांच्या' यादीविषयीही विचारणा होते. योआनिडिस हे संशोधक आणि त्यांचे सहकारी ती स्कोपसच्या माहितीवरून काढतात. तीत लेखकस्थान आणि सहलेखकांची संख्या विचारात घेणारे सहा घटक आहेत, त्यामुळे नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा ती बरी. पण संपूर्ण कारकीर्द आणि एकच वर्ष अशा दोन वेगळ्या याद्या असतात, आणि त्यांतली कोणती, हे चौकात लागलेल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर कधीच लिहिलेले नसते. फाइलमध्ये ते लिहावे, वर्षासह.

शेवटचे पान

अंतिम यादीवर नजर टाकण्यापूर्वी प्रत्येक निबंध मागे घेतला गेलेला नाही ना, हे तपासावे. पबमेड तशी सूचना ठळकपणे दाखवते, आणि मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेमार्फत खुला आहे. तेथे एखादी नोंद निघाली तर ती ओळ गुपचूप खोडू नये. निबंध मागे घेतल्याचे लिहून ती ठेवावी, उल्लेखांच्या बेरजेतून वगळावी.

मग एकच पान लिहावे. वरच्या भागात आकडे: निबंध एकूण, प्रकारांनुसार, प्रमुख लेखक म्हणून किती, प्रत्येक ठिकाणचा उल्लेखांचा आकडा आणि एच-इंडेक्स, स्व-उल्लेखांसह व त्यांच्याविना, मोजणीची तारीख. खालच्या भागात तीन निबंध निवडून प्रत्येकी चार-पाच ओळी: प्रश्न काय होता, संशोधकाने स्वतः काय केले, आणि नंतर कोणी त्याचा कशासाठी आधार घेतला. मॅडमच्या पानावर आम्ही जो निबंध सर्वांत वर ठेवला, त्याला फक्त चौदा उल्लेख होते. पण त्यांतले दोन उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमधले होते, आणि ते आम्ही सूचनेचे वर्ष व पृष्ठ देऊन लिहिले. मुलाखतीत समितीने प्रश्न विचारले ते त्याच निबंधावर, असे त्यांनी नंतर सांगितले.

फाइल गेल्यावर पीएमआयडींची ती एक्सेल जपून ठेवावी आणि वर्षातून दोनदा तीत भर घालावी. गुगल स्कॉलरच्या खात्यात नवे निबंध आपोआप जोडण्याची सोय बंद करून आधी ई-मेलने विचारण्याचा पर्याय निवडावा. मनगटाच्या शस्त्रक्रियेचा तो निबंध मॅडमच्या खात्यात पुढेही दोनदा येऊन बसला होता, आता तो आला की आधी त्यांना ई-मेल जातो, आणि त्या नकार देऊन मला "पुन्हा मनगट!" एवढाच व्हॉट्सॲप पाठवतात.